घूंऽऽ आणि खर्र: एका जुन्या स्पीकरची वंशावळ

गेल्या महिन्यात पुण्याच्या जुन्या बाजारातून ८०० रुपयांना एक २.१ सेट उचलला. म्हणजे एक लाकडी खोका (वूफर आणि ॲम्प्लिफायर दोन्ही त्याच्याच पोटात) आणि त्याची दोन पिल्लं. मागच्या स्टिकरवर साल २००५. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा आहे असं मला वाटत नाही.

घ्यायचं कारण साधं. आमच्या टीव्हीला आवाज भरपूर आहे, शब्द कळत नाहीत. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला ढेरी होती. त्या ढेरीत बऱ्यापैकी मोठा स्पीकर मावायचा आणि बहुतेक सेटमध्ये तो तुमच्याकडे तोंड करून बसायचा. टीव्ही पातळ झाला तसे स्पीकरही वाळले, आणि आता ते बहुधा खाली नाहीतर मागे तोंड करून असतात. आवाज आधी भिंतीला भेटतो, मग आपल्याला.

सेट जोडला आणि दोन तक्रारी लगेच समोर आल्या. पहिली, काहीही चालू नसताना सतत एक घूंऽऽ. दुसरी, खालचा सूर आला की वूफरमधून खर्र. ऑफिसातल्या मित्रानं साल ऐकून फोनवरच निकाल दिला: "२००५ ना? मग कपॅसिटर प्लेग. फेकून दे." तो काय म्हणतोय ते त्या काळात आयटीत असलेल्या कुणालाही कळेल, आणि त्याच्याकडे आपण येणारच आहोत. पण आधी घूंऽऽ.

प्रोग्रॅममधला बग शोधताना आपण जे करतो तेच इथे करायचं: अर्धा भाग बाजूला काढा, बग राहतो का बघा. टीव्हीची वायर काढली, घूंऽऽ तसाच. म्हणजे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, केबल सगळे निर्दोष सुटले. मग आवाजाचं बटण शून्यावर नेलं, तरीही तेवढाच. हा धागा फार कामाचा आहे. बटणानं कमी होणारी घरघर बटणाच्या आधीच्या भागातून येते, न बदलणारी नंतरच्या भागातून, आणि नंतर उरतात दोनच गोष्टी: शेवटचा ॲम्प्लिफायर आणि त्याला वीज देणारा भाग. शेवटी मोबाईलवर सुरांची पट्टी दाखवणारं एक फुकट ॲप लावलं. सर्वात उंच रेघ १०० हर्ट्‌झवर.

आपल्या घरची वीज ५० हर्ट्‌झची. वायरिंगमधून किंवा अर्थिंगच्या गोंधळातून शिरलेली घरघर बहुधा ५० वर दिसते. पण ॲम्प्लिफायरला लागते डीसी, म्हणून ट्रान्सफॉर्मरनंतर चार डायोड बसवून उलटी लाट सुलटी करतात. सेकंदाला ५० पूर्ण लाटा, म्हणजे आता १०० उंचवटे. त्या उंचवट्यांच्या मधले खड्डे भरायचं काम एका मोठ्या कपॅसिटरचं. पुण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको: नळाला पाणी ठरावीक वेळी येतं, गच्चीवर टाकी आहे म्हणून स्वयंपाकघरात दिवसभर येतं. टाकी गाळानं भरली की नळ फुरफुरतो. १०० हर्ट्‌झचा घूंऽऽ म्हणजे टाकीत गाळ.

आता थोडा इतिहास. (ज्यांना फक्त दुरुस्ती हवी आहे त्यांनी खुशाल चार परिच्छेद गाळावेत. पण मग तुम्ही हा लेख का वाचताय? :-) )

स्पीकरची मूळ कल्पना टेलिफोनपेक्षाही जुनी आहे. जर्मनीच्या वेर्नर फॉन सीमेन्सनं १८७४ च्या पेटंटमध्ये चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलणारी तारेची गुंडाळी वर्णन केली. ग्रॅहम बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. म्हणजे उत्तर आधी आलं, प्रश्न नंतर. त्या गुंडाळीतून आवाज काढावा असं त्या पेटंटमध्ये नव्हतंच. १८९८ मध्ये इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉजनं अशाच हलत्या गुंडाळीच्या स्पीकरचं पेटंट घेतलं, पण तिला जोर देणारा ॲम्प्लिफायर तेव्हा जगात नव्हता. मग कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम ह्या जोडीनं गुंडाळीपुढे भलामोठा कर्णा लावला, त्याला 'मॅग्नाव्हॉक्स' म्हणजे महावाणी असं भारदस्त लॅटिन नाव दिलं, आणि १९१५ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर जमलेल्या प्रचंड गर्दीला ऐकवलं. आपल्या मांडवातला कर्णा ह्याच घराण्यातला.

कर्णा रस्त्यावर ठीक, दिवाणखान्यात नको. तिथे जनरल इलेक्ट्रिकचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग येतात. १९२५ साली ह्या दोघांनी बिनकर्ण्याच्या स्पीकरवर निबंध वाचला: कागदाचा शंकू, त्याच्या टोकाला गुंडाळी, आणि कड इतकी मऊ की शंकूचं स्वतःचं कंपन ऐकायच्या पट्ट्याच्याही खाली जावं. आज तुमच्या घरात जो कुठला स्पीकर असेल त्याचा आराखडा बहुतेक हाच असेल. शंभर वर्षांत कागदाच्या जागी प्लास्टिक आलं, चुंबक बदललं, पण मांडणी तीच. आपल्या धंद्यात शंभर वर्षं सोडा, दहा वर्षं टिकलेली मांडणी दाखवा!

माझ्या घूंऽऽशी संबंधित भाग पुढे आहे. त्यातून निघालेल्या 'रेडिओला १०४' ह्या स्पीकरच्या पेटीतच ॲम्प्लिफायर होता, तोही घरच्या विजेवर चालणारा. माझ्या ८०० रुपयांच्या खोक्याचा हा थेट खापरपणजोबा. त्या काळी ताकदवान कायमचं चुंबक मिळत नसे, म्हणून स्पीकरमागे विद्युतचुंबक असायचं: हजारो वेढ्यांची गुंडाळी, तिला सतत डीसी हवी. घरची वीज स्पीकरमध्ये शिरली आणि तिच्याबरोबर घरघरही शिरली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, त्यामुळे त्यांचा घूंऽऽ १२० वर.

तेव्हाच्या इंजिनियरांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. टाकी मोठी करणं परवडत नव्हतं, कारण मोठे कपॅसिटर महाग आणि अगडबंब. १९३० च्या दशकातल्या रेडिओत ८ मायक्रोफॅरड म्हणजे चांगली टाकी. (माझ्या सेटमध्ये ४७०० चे दोन आहेत.) मग त्यांनी विद्युतचुंबकाची ती गुंडाळीच विजेच्या वाटेत बसवली. गुंडाळीला प्रवाहातले चढउतार आवडत नाहीत, त्यामुळे तीच गाळणीचं काम करू लागली. एक भाग, दोन नोकऱ्या. पण गाळणीत अडकलेली घरघर आता चुंबकातच उतरली! मग त्यावर उपाय म्हणून आवाजाच्या गुंडाळीच्या सरीत चार वेढे उलटे गुंडाळले. चुंबकातली घरघर दोन्हीकडे सारखी उमटते, उलट्या वेढ्यांत उलटी उमटते आणि दोन्ही एकमेकींना खातात. घूंऽऽ घालवायला घूंऽऽच वापरला. कोडमध्ये असं काही दिसलं तर रिव्ह्यूत आपण नाक मुरडू, पण हे वर्षानुवर्षं लाखो रेडिओत चाललं.

पुढे तीन गोष्टी झाल्या. १९३१ मध्ये जपानच्या तोकुशिची मिशिमा ह्यांनी ॲल्युमिनियम आणि निकेल घातलेलं जबरदस्त चुंबकी पोलाद शोधलं. त्यातूनच कोबाल्टसहित 'अल्निको'चं घराणं निघालं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विद्युतचुंबकाचा स्पीकर मागे पडला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सनं स्वस्त फेराइट चुंबक आणलं. आणि १९७८ मध्ये झाईरच्या (आजचं काँगो) शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव कितीतरी पटींनी चढले आणि उरलेसुरले स्पीकरवालेही फेराइटकडे वळले. माझ्या वूफरमागची ती काळी, ठिसूळ चकती तिथली पाहुणी आहे. चुंबक फुकट झालं, गाळणीची गुंडाळी गेली, आणि घरघर अडवायची सगळी जबाबदारी एकट्या कपॅसिटरच्या डोक्यावर आली.

आता मित्राचा प्लेग. ही साथ खरी होती. १९९९ च्या सुमारास सुरुवात, २००७ पर्यंत उपद्रव. मदरबोर्डवरचे कपॅसिटर दोन-दोन वर्षांत फुगायचे, टोपीवरच्या खाचा उकलायच्या आणि तपकिरी चीक बाहेर यायचा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या असतात, मध्ये द्रवात भिजवलेला कागद. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो, खरं काम तोच करतो. मदरबोर्डला फार कमी अंतर्गत रोधाचे कपॅसिटर लागतात, म्हणून त्या द्रवात पाण्याचं प्रमाण वाढवलं गेलं. पाणी ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सोडतं. ते थोपवायला द्रवात काही रसायनं घालावी लागतात, आणि तीच ह्या मालात धड नव्हती. मेरीलँड विद्यापीठातल्या तपासणीतही हेच दिसलं. २००२ मध्ये व्यापारी मासिकांत बातमी आली की जपानी कंपनीतून फुटलेलं सूत्र चीनमार्गे तैवानला गेलं आणि वाटेत अर्धवट राहिलं. हेरकथेसारखी गोष्ट, त्यामुळे ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण ती बातमी होती, कोर्टात सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. शिवाय पुढे डेलच्या ज्या कॉम्प्युटरांचा गाजावाजा झाला (२०१० मध्ये कोर्टाची कागदपत्रं उघड झाली तेव्हा मे २००३ ते जुलै २००५ मधली तब्बल १ कोटी १८ लाख मशीन्स त्यात निघाली), त्यांतले कपॅसिटर जपानी निचिकॉन कंपनीचे होते. चोरलेल्या सूत्राची गोष्ट तिथे लागूच पडत नाही.

तर, माझा सेट २००५ चा, म्हणून प्लेगचा का? खोका उघडला. (उघडण्याआधी प्लग काढा, वर थोडा वेळ जाऊ द्या. कपॅसिटरमध्ये वीज मागे राहते. आणि ज्यांना मल्टिमीटर कसा धरायचा हे माहीत नाही त्यांनी इथे थांबून सरळ मेकॅनिककडे जावं, ह्यात लाज नाही.) दोन्ही मोठे कपॅसिटर फुगलेले, एकाच्या बुडाशी डाग. वरवर मित्राचं म्हणणं बरोबर. पण अंगावरचा मजकूर वाचला: साधी, सर्वसाधारण जात, ८५ अंशांची. प्लेग प्रामुख्यानं मदरबोर्डच्या आणि स्विचिंग पॉवर सप्लायच्या कमी रोधाच्या जातीला झाला. माझ्याकडे आहे जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मर आणि १०० हर्ट्‌झ. इथे त्या पाणीदार द्रवाची गरजच नव्हती.

मग मेले कशानं? हिशोब करून बघा. अशा कपॅसिटरवर ८५ अंशांना २००० तास असं आयुष्य दिलेलं असतं आणि ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. बंद खोक्यात, ट्रान्सफॉर्मरला चिकटून, ४५ अंश धरू. ४० अंशांचा फरक, चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. खूप वाटतात? सतत चालू ठेवलं तर साडेतीन वर्षांपेक्षा थोडे जास्त. आणि हा सेट सतत चालूच होता! त्याचं बटण आहे वायरच्या टोकावरच्या छोट्या डबीवर, आणि ते फक्त ॲम्प्लिफायरला गप्प करतं. ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि हे दोघे बिचारे भिंतीतलं बटण चालू असेपर्यंत रात्रंदिवस जागे. आधीच्या मालकानं 'बंद' करून ठेवलेला सेट आत शिजत होता. आरोपी हेरकथेतला चोर नव्हे. ते बटण चुकीच्या बाजूला बसवून काही रुपये वाचवणारी डिझाईनची पद्धत आरोपी आहे, आणि ती त्या काळात बऱ्याच जणांची होती.

हा फरक नुसता किस काढणं नाही. प्लेग म्हटलं की निष्कर्ष 'फेकून दे' असा निघतो, कारण बोर्डावरचे सगळेच संशयित होतात. उष्णता म्हटलं की दोन भाग बदलायचे आणि पुढे भिंतीतलं बटण बंद करायची सवय लावायची. तापकीर गल्लीत १०५ अंशांचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि थोड्या जास्त व्होल्टचे दोन कपॅसिटर घेतले. दुकानदार अजूनही त्यांना 'कंडेन्सर' म्हणतात, ऐकायला बरं वाटतं. सोल्डर करताना पट्टीची बाजू ऋण, एवढं मात्र दहा वेळा तपासायचं. उलटा बसला तर फटाका फुटतो. आठ-दहा मिनिटांचं काम आणि १०० हर्ट्‌झची रेघ झोपली.

राहिली खर्र. पेन्सिल सेलची दोन टोकं वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवली तर 'कट' असा आवाज आला, म्हणजे गुंडाळी जिवंत. शंकू दोन्ही हातांनी हलकेच, सरळ आत दाबला तर काही घासलं नाही, म्हणजे गुंडाळी जागेवर. मग कडेला बोट लावलं आणि बोट आरपार! शंकू आणि लोखंडी चौकट ह्यांना जोडणारी फोमची रिंग शिळ्या केकसारखी भुगा झाली होती.

ह्या रिंगेच्या मागे उभा आहे एडगर व्हिल्चर. १९५४ च्या आधी खोल, भरदार खालचा सूर हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागायची. व्हिल्चरचं म्हणणं असं की शंकूला परत जागेवर आणायचं काम कडेच्या ताठ घडीकडून काढून घ्या आणि ते बंद पेटीतल्या हवेला द्या. हवेसारखी इमानी स्प्रिंग नाही. मग कड अगदी सैल ठेवता येते, शंकू लांब झोके घेतो आणि पुस्तकाच्या फळीवर मावणारी पेटी कपाटाला भारी पडते. त्यानं विद्यार्थी हेन्री क्लॉससोबत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला 'अकूस्टिक रिसर्च' काढली आणि 'एआर-१' बाजारात आणला. माझ्या खोक्याला हवेसाठी भोक आहे, म्हणजे तो अगदी ह्याच जातीचा नाही (भोकाचं पेटंट १९३२ चं, बेल लॅब्जच्या थुरासचं, आणि भोकाच्या पेटीचं पद्धतशीर गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थीलनं १९६१ मध्ये मांडलं). पण छोट्या पेटीत सैल कडेचा, लांब झोक्याचा वूफर ही चाल व्हिल्चरमुळेच रूढ झाली.

गंमत पुढे आहे. त्याच्या सुरुवातीच्या वूफरची कड कापडाची होती, लेप दिलेली. १९७० च्या आसपास कंपनीनं तिच्या जागी फोम आणला: हलका, एकसारखा, साच्यातून निघणारा. सगळ्या उद्योगानं तोच धरला. पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतला ओलावा, ऑक्सिजन आणि उजेड ह्यांनी आपोआप तुटत जातो, वाजवा अथवा न वाजवा. पंधरा-वीस वर्षांत भुगा ठरलेला. त्यामुळे आज कापडी कडेचे जुने वूफर चालू सापडतात आणि त्यांच्यानंतरचे, 'सुधारलेले', फोमवाले कचऱ्यात. कोंकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका. म्हणून जुना स्पीकर घेताना जाळी काढून कडेला बोट लावून बघाच, रबर असेल तर भाव थोडा जास्त द्या.

व्हिल्चरनं १९६७ मध्ये कंपनी विकली आणि उरलेलं आयुष्य श्रवणयंत्रांच्या संशोधनाला दिलं. वय झालं की हळू आवाज ऐकू येत नाही पण मोठा मात्र आधीसारखाच कानठळ्या बसवतो, आणि हे वेगवेगळ्या सुरांना वेगवेगळ्या प्रमाणात होतं. म्हणून सुरांचे पट्टे वेगळे करून प्रत्येकाला वेगळं दाबायचं, ही त्याची १९७३ ची मांडणी पुढच्या श्रवणयंत्रांचा पाया ठरली. आमच्या घरी टीव्हीचे शब्द सर्वात आधी बाबांना कळेनासे झाले, आणि 'आवाज वाढव' म्हटल्यावर संगीत वाढायचं, बोलणं नाही. म्हणूनच मी वूफरपेक्षा त्या दोन पिल्लांवर खूश आहे. बोलणं तिथून येतं, आणि आता ती टीव्हीच्या दोन बाजूंना, बसलेल्याच्या कानांच्या उंचीवर, समोर तोंड करून आहेत.

रिंग बदलायला रीकोनवाल्याकडे गेलो. गणपतीच्या आधीचे दिवस, दुकानात मंडळांच्या पंधरा-अठरा इंची अजगरांची रांग, त्यात माझं सहा इंची पोर. त्यांनी जुनी रिंग खरवडली, शंकू मधोमध राहावा म्हणून गुंडाळीच्या फटीत फिल्मच्या पट्ट्या सारल्या, रबराची रिंग चिकटवली आणि एक रात्र उलटा ठेवायला सांगितला. पैसे सेटच्या अर्ध्या किमतीएवढे. रबर फोमपेक्षा जड असतं, त्यामुळे सूर किंचित बदलतो असं जाणकार म्हणतात. बदलला असेलही, बातम्या ऐकताना काय फरक पडतो.

टीव्हीला परत जोडल्यावर पुन्हा एक बारीक घूंऽऽ होता, पण ह्या वेळी ॲपवर रेघ ५० वर. सेट-टॉप बॉक्समधून केबलची गोल वायर उपटली की तो जातो: केबलचं अर्थिंग कुठेतरी दुसरीकडे, माझं दुसरीकडे, आणि मधल्या फरकाचा प्रवाह स्पीकरच्या वायरमधून वाहतो. ह्यावर उपाय तोशिबानं १९८३ मध्येच करून ठेवलाय: प्लास्टिकच्या धाग्यातून लाल उजेड पाठवणारी ऑप्टिकल केबल. तिच्यात तांबं नाही, त्यामुळे अर्थिंगचं भांडण पलीकडे जातच नाही. टीव्हीमागे भोक असेल तर ती केबल आणि उजेडाचा परत आवाज करणारी एक डबी घ्या. डबी लावल्यावर काहीच ऐकू आलं नाही तर डबी खराब समजू नका. टीव्हीच्या मेनूत जाऊन डिजिटल आउटपुट 'डॉल्बी' किंवा 'ऑटो'वरून 'पीसीएम'वर आणा. स्वस्त डब्यांना तेवढंच कळतं.